पराशरांच्या गावातून ट्रॉयकडे

पारनेरमध्ये कुणालाही विचारा, गावाला हे नाव कशावरून पडलं? उत्तर ठरलेलं आहे. पराशर ऋषींनी इथं तप केलं, म्हणून पारनेर. हे पराशर म्हणजे व्यासांचे वडील. सत्यवतीची नाव, यमुनेतलं बेट आणि त्या बेटावर जन्मलेला कृष्ण द्वैपायन ही गोष्ट महाभारताच्या आदिपर्वात आहे. महाभारत ज्याच्या नावावर आहे त्याच्या वडिलांचं हे गाव, असं आमच्याकडची माणसं सहज, आवाज न चढवता सांगतात. पन्हाळ्यावरही पराशरांची गुहा दाखवतात आणि तिथली माणसंही तितकीच ठाम असतात.

होमरबद्दल ग्रीसमध्ये असंच झालं. स्मर्ना, खिओस, कोलोफोन, अथेन्स अशा सात गावांनी ‘तो आमचा’ म्हणून हक्क सांगितला. खिओस बेटावर तर स्वतःला होमरचे वंशज म्हणवणाऱ्या गायकांचं घराणंच होतं. तो आंधळा होता असं परंपरा सांगते. तो एक माणूस होता की अनेक, यावर अभ्यासक दोनशे वर्षांहून अधिक काळ भांडत आले आहेत. व्यास या शब्दाचाच अर्थ विस्तार करणारा, रचना लावणारा असा आहे, त्यामुळे हा वाद आपल्याला परका वाटू नये.

ग्रीक महाकाव्यांची पार्श्वभूमी सांगणाऱ्या या पुस्तकाला पारनेरमध्ये बसून प्रस्तावना लिहिण्याचं धाडस मी करतो आहे, ते या ओळखीच्या बळावर. मला ग्रीक येत नाही. पण महाकाव्य छापील पानावर जन्मत नाही, ते रात्री, माणसांसमोर, कुणाच्या तरी गळ्यातून जन्मतं, हे मी पुस्तकं वाचायच्या आधी पाहिलेलं आहे. इलियड आणि ओडिसी समजून घेताना मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

लहानपणी पौष पौर्णिमेला आजी आम्हाला पिंपळगाव रोठ्याला, कोरठण खंडोबाच्या यात्रेला नेई. उंच काठ्या नाचवत येत, भंडाऱ्यानं माणसं ओळखू येत नसत. पण माझ्या मनात यात्रेपेक्षा घरचं जागरण जास्त बसलं आहे. लग्न झालं की जागरण घालायचं, हा आमच्याकडचा नेम. अंगणात पाच ताटांचा चौक उभा करायचा, मधे धान्यावर कलश, पानसुपारी, खोबरं, भंडारा, बाजूला पेटती दिवटी. वाघ्याच्या हातात दिमडी, साथीला तुणतुणं, मुरळीच्या हातात घोळ. गोष्टीला हात घालण्याआधी वाघ्या देवांना बोलावतो. जेजुरीचा देव, पालीचा देव, तुळजापूरची आई, कोल्हापूरची आई, मग जवळची गावं, मग वाडीवरची दैवतं. एकेक नाव घेऊन त्याला जागरणाला ये म्हणायचं. लहानपणी मला हा भाग फार लांबलेला वाटे. गोष्ट कधी सुरू होणार म्हणून मी पेंगायचो. आजी मात्र नेमकी तेव्हा सावरून बसायची, कारण तिच्या माहेरच्या दैवताचं नाव केव्हा येतं याची ती वाट पाहत असायची. ते आलं की हात जोडायचे आणि मग निवांत व्हायचं.

पुढं इलियडच्या दुसऱ्या सर्गापाशी आलो तेव्हा मला ते अंगण आठवलं. तिथं कथा थांबते आणि कवी काव्यदेवतेला, म्यूझला विनवतो, की ट्रॉयवर कोण कोण आलं ते तूच सांग, आम्ही तर फक्त कानावर आलेलं ऐकतो. मग गावांची नावं, सरदारांची नावं, जहाजांचे आकडे. एकोणतीस तुकड्या, एकूण १,१८६ जहाजं. मायसीनीच्या अगामेम्नॉनची शंभर, पायलॉसच्या म्हाताऱ्या नेस्टरची नव्वद. आजचा वाचक ही पानं उलटून पुढं जातो. पण ऐकणाऱ्यांत प्रत्येक गावचा माणूस होता आणि तो आपल्या गावाच्या नावाची वाट पाहत होता. या यादीत युत्रेसिससारखी गावं आहेत, जी इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास ओस पडली आणि होमरच्या काळातही ओसच होती. गाव उठलं, पण यादीतलं नाव कुणी काढलं नाही. ऐकायला त्या गावचा माणूस उरला नव्हता, तरी गायक ते घेत राहिला.

आता पुराणकथेकडं येतो. इलियड वाचायला घेणाऱ्याची पहिली निराशा ठरलेली असते. लाकडी घोडा कुठं आहे? अकिलीसची टाच कुठं आहे? दोन्ही त्यात नाहीत. दहा वर्षांच्या युद्धातले शेवटाकडचे पन्नासेक दिवस एवढाच इलियडचा पट. एका बंदिवान स्त्रीवरून सेनापती अगामेम्नॉन आणि सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस यांचं भांडण होतं, अकिलीस शस्त्र खाली ठेवतो, त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस मारला जातो, मग तो उठतो आणि हेक्टरला मारतो. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री एकटा शत्रूच्या तंबूत जाऊन मुलाचं प्रेत मागतो. हेक्टरच्या अंत्यविधीशी काव्य संपतं. ट्रॉय अजून उभंच असतं.

बाकीचं ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. आपल्याकडं कीर्तनकाराला कर्ण कोण, हे सांगावं लागत नाही, तसंच. पेलियस आणि सागरकन्या थेटिस यांचं लग्न, त्या लग्नाला न बोलावलेल्या कलहदेवीनं टाकलेलं सोन्याचं फळ, तीन देवींच्या सौंदर्याचा निवाडा ट्रॉयच्या राजपुत्र पॅरिसकडं येणं, त्यानं प्रेमदेवतेकडून लाच म्हणून जगातली सर्वांत सुंदर स्त्री घेणं, ती स्त्री म्हणजे स्पार्टाच्या मेनेलाउसची बायको हेलन. थेटिसचा मुलगा बापापेक्षा मोठा होणार, असं भाकीत होतं. म्हणून देवांनी घाबरून तिला माणसाला देऊन टाकलं. त्यातून जन्मला अकिलीस. बापापेक्षा मोठा, पण मरणाधीन. थोडं जगून कीर्ती, की पुष्कळ जगून विस्मरण, यातलं एक निवडण्याची मोकळीक त्याला आहे आणि आपण काय निवडलं हे तो क्षणभरही विसरत नाही. कवचकुंडलं काढून देणारा कर्ण ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या माणसाजवळ जायला वेळ लागणार नाही.

पण मला खरा धक्का दिला तो युद्धाच्या कारणानं. सिप्रिया नावाचं एक ग्रीक महाकाव्य होतं, ते आज हरवलं आहे. त्याचा जो तुकडा उरला त्यात म्हटलं आहे, की पृथ्वीला माणसांचा भार सोसवेना, म्हणून झ्यूस देवानं तो हलका करण्यासाठी ट्रॉयचं युद्ध घडवलं. महाभारताच्या आदिपर्वात गाईच्या नाही तर भूमीच्याच रूपात पृथ्वी ब्रह्मदेवाकडं जाते आणि हेच गाऱ्हाणं घालते, मग देव अंशरूपानं खाली उतरतात. भूभारहरण हा शब्द आपण कीर्तनात इतक्यांदा ऐकलेला असतो की त्याचं नवल वाटत नाही. ग्रीसमध्ये तोच विचार भेटला की मात्र माणूस थबकतो. संस्कृत आणि ग्रीक या दोन्ही भाषा एकाच मूळ कुळातल्या आहेत, हे खरं. एकानं दुसऱ्याकडून ऐकलं असं म्हणायला आधार नाही. कदाचित मोठं युद्ध होऊन गेल्यावर उरलेल्या माणसांना सुचणारा हा पहिलाच विचार असावा: एवढी माणसं मेली त्याला काहीतरी कारण असलंच पाहिजे, आणि ते माणसांच्या भांडणाहून मोठं असलं पाहिजे.

हेसिअड हा होमरच्या आसपासचा दुसरा ग्रीक कवी. त्यानं युगं सांगितली ती सोनं, चांदी, कांसं आणि लोखंड अशी उतरती. आपल्या कृत, त्रेता, द्वापर, कली यांच्याशी ती जुळतात. पण कांस्ययुग आणि लोहयुग यांच्या मधे त्यानं धातूचं नाव नसलेलं एक युग घुसवलं, ते वीरांचं. थीब्ज आणि ट्रॉयसमोर लढून संपलेल्या पिढ्यांचं. उतरत्या पायऱ्यांत ही एक पायरी वर जाते, त्यामुळे त्याची रचना बिघडते. पण लोकांच्या आठवणीत ते युग इतकं ठसठशीत होतं की कवीला त्याला जागा द्यावीच लागली.

मग ते युग खरोखर होतं का?

एकोणिसाव्या शतकात बहुतेक विद्वानांचं उत्तर ‘नाही’ असं होतं. व्यापारात पैसा मिळवलेला हाइनरिख श्लीमान हा जर्मन गृहस्थ इलियड शब्दशः खरं मानून तुर्कस्तानात हिसारलिकच्या टेकडीवर १८७० साली खणायला लागला. जागा त्याला फ्रँक कॅल्व्हर्टनं सुचवली होती, हे श्रेय त्यानं नीट दिलं नाही. घाईघाईनं त्यानं वरचे थर उकरून फेकले आणि तळाजवळ सोनं सापडल्यावर हा प्रायमचा खजिना म्हणून जाहीर केलं. तो थर ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळापेक्षा हजारेक वर्षांनी जुना निघाला. ज्याच्या शोधात तो होता ते शहर बहुधा त्याच्याच फावड्याखाली गेलं. तरीही टेकडीत एकावर एक नऊ नगरं आहेत, हे जगाला कळलं ते त्याच्या वेडामुळे. पुढं ड्यूर्पफेल्ड, १९३२ ते १९३८ मध्ये ब्लेगन आणि १९८८ पासून कॉर्फमान यांनी तिथं सावकाश, थर मोजत काम केलं. सहाव्या थराच्या भक्कम तिरप्या भिंती आणि त्यानंतरचा जळालेला थर, इसवी सनापूर्वी १२०० च्या आगेमागेचा, असं चित्र उभं राहिलं.

दुसरा पुरावा आला हित्ती राजांच्या दफ्तरातून, तुर्कस्तानातल्याच बोगाझकॉय इथून. त्यात विलुसा नावाच्या राज्याशी केलेला इसवी सनापूर्वी १२८० च्या सुमाराचा तह आहे आणि त्या राजाचं नाव आहे अलक्सांदु. ट्रॉयचं दुसरं नाव इलिऑस, त्याहून जुनं विलिऑस. पॅरिसचं दुसरं नाव अलेक्झांडर. हाच तो पॅरिस, असं कुणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. पण त्या जागेला ते नाव होतं आणि तिथं तसलं नाव घेणारे राजे होते, इतकं पक्कं. याच बोगाझकॉयला मितानींच्या तहाची पाटी मिळाली, जिच्यात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षी ठेवलं आहे. आपले देव आणि त्यांचं ट्रॉय एकाच दफ्तरखान्यात निघावेत, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

तिसरा पुरावा मला सर्वांत जवळचा, कारण तो मेंढ्यांचा आहे. मायसीनी, पायलॉस, क्रीटमधलं नॉसस इथल्या राजवाड्यांत मातीच्या पाट्यांवर एक लिपी सापडली होती. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदानं ती उलगडली आणि तिची भाषा ग्रीक निघाली, होमरच्या पाच शतकं आधीची. सगळ्यांना वाटलं, आता वीरांच्या गाथा मिळणार. मिळाले हिशेब. कोणाकडं किती मेंढ्या, किती लोकर जमा, किती बाकी, किती बायकांना किती धान्य. एकट्या नॉससच्या पाट्यांत लाखाच्या घरात मेंढ्या नोंदल्या आहेत. या पाट्या टिकाव्यात म्हणून कुणी भाजल्या नव्हत्या. राजवाडे जळाले तेव्हा त्या आगीत त्या भाजून निघाल्या. नाश झाला नसता तर नोंद उरली नसती. आणि त्या हिशेबात अकिलीस, हेक्टर ही नावं येतात, साध्या माणसांची, जशी आपल्याकडं भीमा आणि अर्जुन असतात.

राजवाडे जळाले, लिहिणं विसरलं गेलं. चारेक शतकं ग्रीसमध्ये अक्षर नव्हतं. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात फिनिशियन व्यापाऱ्यांकडून नवी अक्षरं आली. मधल्या काळात जे काही पुढं आलं ते गळ्यातून आलं.

कसं आलं, ते एका वस्तूवरून पाहू. इलियडच्या दहाव्या सर्गात मेरिओनीस हा योद्धा ओडिसीचा नायक ओडिसियस याला डोक्यावर घालायला एक चामड्याची टोपी देतो. तिच्यावर बाहेरून रानडुकराचे पांढरे सुळे ओळीनं, उलटसुलट दिशेनं शिवलेले आहेत, आत चामड्याच्या पट्ट्यांचं घट्ट जाळं आणि मधे लोकरीचं अस्तर. ती कुणी चोरली, मग कुणाकडून कुणाकडं गेली, हा तिचा प्रवासही कवी सांगतो. असली शिरस्त्राणं होमरच्या काळात कुणी वापरत नव्हतं, कुणी पाहिलीही नसावीत. पण मायसीनी काळच्या थडग्यांत ती सापडली, सुळ्यांचे तुकडे, भोकं पाडलेले, वर्णनाबरहुकूम. पाचशे वर्षं ती टोपी ओळींमधून हातोहात आली. मात्र त्याच काव्यात रथांचं काय करायचं, हे गायकाला कळत नाही. पूर्वेकडचे राजे रथांचे ताफे घेऊन लढत. होमरचे वीर रथातून रणांगणापर्यंत जातात, उतरतात आणि पायी लढतात. रथ आठवला, त्याचं काम विसरलं. प्रेतं सरसकट जाळतात, जे मायसीनी राजे करत नव्हते. शस्त्रं कांस्याची, पण उपमांमध्ये लोखंड डोकावतं. आमच्याकडच्या जुन्या वाड्याच्या भिंतीसारखं हे आहे. खाली घडीव दगड, मधे भाजकी वीट, वर कालपरवाचं सिमेंट, आणि तरी घर एकच.

हे गाणं चालतं कसं, याचा छडा मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं लावला. होमरमध्ये त्याच त्या विशेषणांच्या जोड्या परत परत येतात, अकिलीस पायांचा चपळ, पहाट गुलाबी बोटांची. पॅरीनं १९२८ च्या आपल्या प्रबंधांत दाखवलं, की ही आळशी पुनरुक्ती नसून छंदाच्या मापाची तयार सामग्री आहे. सोळा हजारांना टेकणाऱ्या ओळी पाठ करायच्या नसतात, समोर बसून त्या क्षणी रचायच्या असतात. मग ते प्रत्यक्ष पाहायला तो १९३३ ते १९३५ युगोस्लाव्हियात गेला. तिथं अवदो मेजेदोविच नावाचा निरक्षर खाटीक भेटला. त्यानं दिवसामागून दिवस सांगून बारा हजारांहून जास्त ओळींचं एक काव्य उतरवून दिलं, म्हणजे ओडिसीएवढं. डिसेंबर १९३५ मध्ये पॅरी वारला, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. त्याचं काम आल्बर्ट लॉर्डनं पुढं नेलं.

हे वाचताना मला ढवळपुरीचे धनगर दिसतात. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडं उतरायचं, पावसाळ्याला पठारावर परत यायचं. ओव्या म्हणायला बसले की एक म्होरक्या धरतो, बाकीचे झेलतात, थोडं गाऊन झालं की गद्यात उलगडून सांगतात, पुन्हा ढोल, पुन्हा ओवी. हायडलबर्गचे गुंथर सोंथायमर यांनी आयुष्याचा मोठा भाग या ओव्यांमागं घालवला. त्यांनी जमवलेल्या ध्वनिफितींतून बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन दीर्घ कथा ॲन फेल्डहाउस यांनी २०१४ मध्ये ग्रंथरूपानं आणल्या.

धनगरांच्या ओव्यांतला खंडोबा सारीपाटात म्हाळसेशी हरतो. बारा वर्षं घर सोडून जायची अट पडते. तो म्हाताऱ्याचं सोंग घेऊन बानूच्या वाड्यावर चाकर राहतो, मेंढरं वळतो, नदीवर धुवायला नेतो, आपटून मारतो आणि लग्नाचं वचन घेऊन पुन्हा जिवंत करतो. म्हाळसा वाण्याची, नेवाशाची. बानू धनगराची, चंदनपुरीची. या एका संसारात शेत, बाजार आणि रान यांचा समझोता गुंफला आहे. मल्हारी माहात्म्यातला मणी आणि मल्ल यांना मारणारा देव हे एक टोक, वाड्यावर मेंढरं वळणारा चाकर हे दुसरं. ओडिसियसही वीस वर्षांनी घरी येतो तो भिकाऱ्याच्या वेशात, पहिला आसरा घेतो डुकरं राखणाऱ्या युमायसच्या झोपडीत. त्याला ओळखतो तो उकिरड्यावर पडलेला म्हातारा कुत्रा, अर्गोस. शेपूट हलवतो, कान पाडतो आणि मरतो. धन्याला डोळ्यातलं पाणी लपवावं लागतं, कारण सोंग उघडं पडेल. ज्यांच्या घरी कुत्री, मेंढरं आहेत त्यांच्यापुढं हे वाचून पाहा.

गाणारा इतिहासाचं काय करतो, ते आपल्याकडं तारखांसह तपासता येतं. ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत गडावर चढणारे मावळे आहेत, घोरपड नाही. ती आली तुळशीदासाच्या पोवाड्यातून, आणि आज सिंहगड म्हटलं की पोराटोरांना आधी घोरपड आठवते. म्हणून पोवाडा खोटा ठरतो का? तानाजी खरा, गड खरा, रात्र खरी, मरण खरं. त्या कड्याची उभी चढण ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आणील अशी कशी सांगायची, हा शाहिरापुढचा प्रश्न होता आणि त्यानं तो सोडवला. ट्रॉयकडं पाहताना मी हेच माप लावतो.

आणखी एक. आमच्या तालुक्यात जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर महादजींचा पाय जायबंदी झाला, राणेखान नावाच्या भिश्त्यानं त्यांना वाचवून आणलं, आणि ते जन्मभर लंगडत चालले. सदाशिवरावभाऊ परतलेच नाहीत. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. मग भाऊसाहेब म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, कितीकांनी त्याला खरं मानलं आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. ट्रॉयवरून परतणाऱ्यांच्या कथांना ग्रीकांनी ‘नोस्तोई’, म्हणजे परतीच्या वाटा, असं नाव दिलं होतं. घरी आलेला हा माणूस माझा नवरा आहे की तोतया, हे पारखायला ओडिसियसची बायको पेनेलपी पलंगाची खूण काढते. त्या पलंगाचा खांब मुळावर उभ्या झाडाच्या बुंध्यातूनच घडवलेला आहे आणि ते फक्त त्या दोघांना आणि एका दासीला ठाऊक आहे. पेनेलपीला तिची खूण मिळाली. शनिवारवाड्यात वाट पाहिलेल्या बाईला ती मिळाली नाही. हरलेल्या किंवा महागात जिंकलेल्या लढाईनंतर गावोगाव अशी घरं असतात, आणि महाकाव्य त्या घरांतून ऐकलं जातं.

ओडिसीच्या आठव्या सर्गात डेमोडोकस नावाचा आंधळा गायक परक्या राजाच्या दरबारात लाकडी घोड्याचं गाणं म्हणतो. ज्यानं ती युक्ती केली तो ओडिसियसच समोर, नाव लपवून बसलेला. गाणं त्याच्या पराक्रमाचं आहे, आणि तो रडायला लागतो. कवी सांगतो, तो कसा रडला, तर शहर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या देहावर कोसळून बाई रडते तसा, जिला मागून शत्रू भाल्यानं ढोसून गुलामीत नेत असतात. शहर लुटणाऱ्याच्या डोळ्यांत लुटल्या गेलेल्या बाईचे अश्रू. सगळ्या ग्रीक काव्यात मला यापुढं जाणारं काही सापडलेलं नाही. शत्रू म्हणून उभे केलेले ट्रॉयचे लोक या काव्यांत एकदाही हलके केलेले नाहीत, हे ध्यानात घेऊन पुढची प्रकरणं वाचावीत.

पुढं अथेन्सच्या उत्सवांत ही काव्यं क्रमानं गायली जाऊ लागली, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात झेनोडोटस आणि अरिस्टार्कस यांनी हस्तलिखितं ताडून कोणती ओळ अस्सल, कोणती मागून घुसलेली, त्याच्या खुणा केल्या. आपल्याकडं हे काम पुण्यात झालं. भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सुमारे १,२५९ हस्तलिखितं वापरून १९६६ मध्ये पुरी झाली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी तिची घडी बसवली आणि १९४३ मध्ये ते गेले, पुरी झालेली त्यांना पाहता आली नाही. पहिल्या शतकातला ग्रीक वक्ता डिओ म्हणतो, की हिंदुस्थानातले लोक होमरचं काव्य आपल्या भाषेत गातात. त्याच्या कानावर आलं होतं ते महाभारत असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. ऐकणाऱ्याची ही चूक मला फार समंजस वाटते.

ट्रॉयच्या चक्रात इलियड आणि ओडिसी धरून आठ महाकाव्यं होती. सहा गेली. सिप्रिया, इथिओपिस, छोटं इलियड, ट्रॉयचा पाडाव, नोस्तोई, टेलिगोनी. त्यांचे सारांश आणि काही तुकडे उरले. ती वाईट होती म्हणून कुणी जाळली नाहीत. नकला करणं थांबलं, एवढंच झालं.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकाला, आणि आमच्या पठारावरच्या वाचकाला विशेष, एक विनंती आहे. तुमच्या वाडीवर, वाड्यावर, भावकीत रात्रभर ओवी चालवणारा, जागरण उभं करणारा एखादा म्हातारा माणूस असेल तर या हिवाळ्यातच त्याच्याजवळ जाऊन बसा. खिशातला मोबाईल पुरेसा आहे. मधे बोलू नका, दुरुस्त्या करू नका, लांबलं तर लांबू द्या. देवांची नावं घेईल तीसुद्धा सगळी राहू द्या. फक्त सुरुवातीला चार गोष्टी त्याच्याच तोंडून बोलवून घ्या: नाव, गाव, कुणाकडून शिकला आणि आजची तारीख. होमरच्या बाबतीत या चारपैकी एकही आपल्याकडं खात्रीनं नाही.